उपग्रहाला दिसतं ते आणि गुराख्याला दिसतं ते

तुमची संस्था पुण्यातली, निधी एका कंपनीचा, मुदत तीन वर्षांची, आणि कामाचा पट्टा आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरांपासून बारामती-इंदापूरच्या माळांपर्यंत. ड्रोन, उपग्रह नकाशे आणि मोबाइल ॲप प्रस्तावात आधीच लिहिलेले आहेत. त्याच प्रस्तावात 'आदिवासी व स्थानिक समाजांच्या पारंपरिक ज्ञानाचा समावेश' असं एक कलम आहे, आणि तो समावेश प्रत्यक्षात कसा करायचा, असं तुम्ही विचारलं आहे.

उत्तर आधी देते, कारणं मागून. यंत्रांची यादी काही महिने बाजूला ठेवा आणि काय मोजायचं हे ज्यांचं रान आहे त्यांना ठरवू द्या. यंत्र लांबचं पाहतं, रात्रीचं पाहतं, जमिनीखालचा अंदाज देतं आणि वर्षानुवर्षांची नोंद न विसरता ठेवतं. माणसाला हे जमत नाही. पण कुठे पाहायचं, कधी पाहायचं आणि जे दिसलं त्याचा अर्थ काय लावायचा, हे त्या रानात वाढलेल्या माणसाइतकं कुणाला कळत नाही. बहुतेक प्रकल्पांत होतं असं की गावात जाऊन मुलाखती घेतल्या जातात, त्यातली झाडापाल्याची नावं अहवालाच्या परिशिष्टात जातात, आणि नकाशा मात्र पुण्यातल्या कार्यालयात बसून तयार होतो. वनस्पती, पाणी, आग, जमीन या विषयांवर पंचवीसेक वर्षं काम केल्यावर माझं ठाम मत झालं आहे की असा समावेश न केलेला बरा. त्याने गावाचा वेळ जातो आणि निर्णय होता तसाच राहतो.

कार्यालयात बसून काढलेल्या नकाशाने काय होतं ते पाहायला पुण्याच्या पूर्वेला चला. पुरंदर, दौंड, बारामती, इंदापूर हा पर्जन्यछायेचा पट्टा. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत इथल्या माळावर पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवतं गुडघाभर उभी असतात. मार्च-एप्रिलमध्ये त्याच जागी पिवळी खुंटं आणि उघडा मुरूम दिसतो. उन्हाळ्यातल्या प्रतिमेवरून जमिनीचं वर्गीकरण केलं की संगणक त्या माळाला पडीक ठरवून मोकळा होतो. केंद्राच्या भूसंसाधन विभागाने राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या मदतीने काढलेल्या पडीक जमिनींच्या ॲटलासमध्ये खुरट्या झुडपांची जमीन हा पडिकाचाच एक प्रकार आहे, आणि आपली कितीतरी माळरानं त्या रकान्यात जातात. एकदा जमीन पडीक ठरली की तिच्यावर काहीही केलं तरी ती सुधारणा म्हणून खपते. तिथे खड्डे खणून झाडं लावता येतात, सौर पॅनेल बसवता येतात, कारखाने आणता येतात. मग चिंकारा, लांडगा, खोकड आणि तरस यांनी जायचं कुठे?

शहराजवळचंच उदाहरण हवं असेल तर पुण्याच्या टेकड्यांवरचं गिरिपुष्प पाहा. लवकर हिरवं दिसावं म्हणून मध्य अमेरिकेतलं हे झाड वर्षानुवर्षं लावलं गेलं. त्याच्या दाट सावलीखाली मूळचं गवत आणि पावसाळी फुलझाडं टिकत नाहीत. उपग्रहाच्या हिरवेपणाच्या निर्देशांकात मात्र टेकडी सुधारलेली दिसते. आकडा खोटा नसतो. प्रश्न चुकीचा विचारलेला असतो.

धनगर मेंढपाळाला हाच माळ कसा दिसतो? बारामती-फलटण भागातले अनेक वाडे, म्हणजे मेंढपाळांचे फिरते तळ, दसरा-दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात, भातखाचरांत खतासाठी मेंढ्या बसवतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. त्यांच्या डोक्यात माळाचं पूर्ण वेळापत्रक असतं. कुसळ पिकण्याआधी कुठलं गायरान चरून घ्यायचं, कारण पिकलेलं कुसळ मेंढीच्या तोंडात आणि लोकरीत रुततं. कुठल्या ओढ्याला दिवाळीपर्यंत पाणी राहतं. कुठल्या घळीत लांडग्याची मादी हिवाळ्यात पिल्लं घालते, म्हणून तिथे वाडा टाकायचा नाही. लांडग्याने एखादं कोकरू नेलं तर तो त्याचा वाटा, असं मानणारी माणसं या पट्ट्यात आजही भेटतात. वन्यजीव संवर्धनाच्या कुठल्याही योजनेला एवढी सहनशीलता विकत घेता येणार नाही.

आता हे ज्ञान आणि उपग्रह एकत्र कसे आणायचे ते सांगते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमा फुकट मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी. त्या चित्रातला एक ठोकळा, म्हणजे पिक्सेल, दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद, म्हणजे जवळपास एक गुंठा. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा ठोकळा नऊ गुंठ्यांचा. गुंठ्यात सांगितलं की गावात कुणालाही नकाशाची ताकद आणि मर्यादा दोन्ही लगेच कळतात, हा माझा अनुभव आहे. मेंढपाळासोबत माळावरून चाला आणि तो जिथे थांबून 'इथलं गवत वेगळं' म्हणेल तिथला बिंदू जीपीएसवर घ्या. वर्ग त्याचे घ्या: आधी चरायचं रान, कुसळीचं रान, पाणथळ, कातळ, वेड्या बाभळीने खाल्लेलं रान. मग वर्षभराच्या प्रतिमांची मालिका घेऊन संगणकाला हे वर्ग शिकवा. प्रत्येक गवताची हिरवं होण्याची आणि वाळण्याची वेळ वेगळी असल्यामुळे उन्हाळ्यातल्या एका चित्रात जो फरक दिसत नाही तो मालिकेत दिसतो. ऐन पावसाळ्यात ढगांमुळे चित्रं मिळत नाहीत, तेव्हा ढगांतून पाहणाऱ्या सेंटिनेल-१ च्या रडारची मदत होते. असा नकाशा घेऊन गेलात तर ग्रामपंचायतीला गायरान वाचवण्यासाठी हातात काहीतरी ठोस मिळतं. कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे वनविभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे, म्हणजे माळाला मोल आहे हे आता सरकारी पातळीवरही मान्य होऊ लागलं आहे. या वाऱ्याचा फायदा घ्या. मात्र लांडग्यांच्या घळी त्या नकाशावर दाखवू नका.

पश्चिमेकडे, मुळशी-मावळपासून भीमाशंकरपर्यंत, फेब्रुवारी ते मे हा वणव्यांचा काळ. नासाची फर्म्स ही सेवा आगीची ठिकाणं काही तासांत दाखवते आणि फुकट आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्थाही अशाच माहितीवरून वनकर्मचाऱ्यांना मोबाइलवर संदेश पाठवते. दोन्हींचा जरूर उपयोग करा, पण एक मर्यादा नीट समजून घेऊन. आगीची सर्वांत बारीक नोंद देणारे उपग्रह आपल्यावरून दुपारी दीडच्या आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास जातात, आणि त्यांचा एक ठोकळा पावणेचारशे मीटरचा, म्हणजे जवळपास पस्तीस एकरांचा. त्या पस्तीस एकरांत कुठेतरी आग आहे, एवढंच कळतं. दुपारी चारला पेटून रात्री दहाला विझलेला वणवा या नोंदीत येतच नाही. त्यामुळे ठिपके कमी झाले म्हणजे वणवे कमी झाले, असा निष्कर्ष काढून अहवालात आलेख टाकू नका.

इथे गावाचं ज्ञान दोन ठिकाणी लागतं. एक, आग का आणि केव्हा लागते. गवत जाळलं की पुढच्या साली चांगलं येतं या समजुतीने लावलेली आग वेगळी, राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठीची जमीन, भाजताना हातातून सुटलेली वेगळी, पर्यटकाने पेटवून सोडलेली चूल वेगळी. प्रत्येकीचा महिना, वेळ आणि जागा वेगळी आणि म्हणून उपायही वेगळा. दुसरं, आग हाताळण्याचं कसब. भातशेतीसाठी राब भाजणारा शेतकरी ढाळ्या, शेण, पालापाचोळा आणि वर मातीचा थर असं रचतो आणि वारा जिकडे जातो त्या टोकाकडून पेटवतो. त्यामुळे आग वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकते आणि जमीन नीट भाजून निघते. दिवसा वारा डोंगर चढतो आणि सांज झाली की उतरतो, हे गुराख्याला कुठल्याही प्रारूपापेक्षा अचूक ठाऊक असतं, तेही त्या घळीपुरतं. जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी मोकळा केलेला पट्टा, कुठे काढायची हे अशा माणसांसोबत उभं राहून ठरवा. मग सेंटिनेल-२ वरून मागच्या सात-आठ वर्षांचे जळीत पट्टे काढा. आग विझल्यानंतरही तिचा काळा डाग काही दिवस दिसत राहतो, त्यामुळे दीडच्या फेऱ्यांत न सापडलेले वणवेही सापडतात. हे पट्टे गावाच्या सांगण्याशी ताडून पाहा. दोन्ही ठिकाणी जी घळ वारंवार येते, तिथे पहिली जाळरेषा.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, पश्चिम आर्नहेम लँडमध्ये, २००६ पासून हेच मोठ्या प्रमाणावर चालू आहे. तिथले मूळ रहिवासी कोरड्या हंगामाच्या सुरुवातीला, गवतात ओल असताना, त्यांच्या जुन्या रीतीने थोडं-थोडं रान जाळतात. त्यासाठी उपग्रहाच्या नोंदी वापरतात, हेलिकॉप्टरही वापरतात. त्यामुळे हंगामाच्या शेवटी भडकणारे प्रचंड वणवे कमी होतात, हरितगृह वायूंचं उत्सर्जन घटतं आणि त्या घटीचे पैसे समाजाला मिळतात. मात्र ही रीत तिथल्या सवाना गवताळ रानाची आहे. भीमाशंकरच्या सदाहरित जंगलात कुणी 'पारंपरिक आग' म्हणून ती आणू पाहील तर त्याला थांबवा. ज्ञान ज्या मातीतलं, त्या मातीतच ते खरं असतं.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या तीन वर्षांत दिसण्यासारखा फरक कुठे पडला तर इथेच पडेल. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्टचा, थरावर थर रचलेला. डोंगरातला झरा बहुधा तिथे फुटतो जिथे सच्छिद्र, झिजलेल्या मांजऱ्या खडकाखाली घट्ट काळा कातळ लागतो. पाणी वरच्या थरात मुरतं, कातळाला अडतं आणि बाजूने बाहेर येतं. विहीर खणणाऱ्या जुन्या माणसांना हे थर हातांनी माहीत असतात: मुरूम किती पुरुष खोल, मग मांजऱ्या, मग गेरूचा तांबडा पट्टा, मग पाषाण. गावातल्या दहा-बारा विहिरींचे थर त्यांच्याकडून लिहून घेतले आणि प्रत्येक विहिरीच्या तोंडाची उंची मोजली, की गावाखालचा खडकांचा छेद जवळपास तयार होतो. त्यावर विद्युत रोधकता मापनाचं यंत्र, म्हणजे जमिनीत वीज सोडून खालच्या थरांचा अंदाज देणारं यंत्र, फिरवलं तर शंकेच्या जागा भरून निघतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे आणि ॲक्वाडॅम ही भूजलावर काम करणारी जाणकार संस्थाही इथलीच. दोघांशी पहिल्याच महिन्यात बोला.

झरे मोजायचं काम बायकांकडे द्या. पाणी त्या भरतात. कुठला झरा शिमग्यापर्यंत चालतो, कुठला वैशाखात करंगळीएवढा होतो, कुठल्याच्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे त्या न थांबता सांगतील. डाळ न शिजणं म्हणजे बहुधा पाणी जड आहे, साध्या मीटरने त्याचा अंदाज घेता येतो. मापनाला बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं: बादली भरायला किती सेकंद लागले, दर पंधरा दिवसांनी. वर्षभराच्या अशा नोंदी पावसाच्या नोंदींशेजारी ठेवल्या की कुठला झरा उथळ थरातून येतो आणि कुठला खोलवरून, ते उघड दिसतं. पाणी मुरायची जागा झऱ्याच्या वरच्या बाजूलाच असते असंही नाही. थरांचा कल आणि भेगांची दिशा यांवर ती अवलंबून असते आणि कधीकधी खिंडीपलीकडच्या गावच्या हद्दीत निघते. तिथे चर खणायचे तर त्या गावाशी बोलणं आलं. एक कळकळीची विनंती: झऱ्याच्या तोंडावर सिमेंटची टाकी बांधू देऊ नका. तोंड बुजलं की पाणी दुसरी वाट काढतं.

पाण्यावरून पाणाड्याचा विषय निघणारच. नारळ हातावर उभा राहतो म्हणून तिथे बोअर घ्यायचं, यावर माझा विश्वास नाही, आणि पारंपरिक ज्ञानाचा आदर करायचा म्हणून तो दाखवणारही नाही. पण याच माणसाला कधीकधी उंबर, वारूळ, ओढ्याचं वळण, खडकाचा रंग यांचीही जाण असते आणि ती तपासून पाहण्यासारखी असते. आदर करणं म्हणजे सगळं खरं मानणं नाही. गावातली शहाणी माणसंही एकमेकांचं सगळं मानत नाहीत, वाद घालतात. तुम्हीही वाद घाला, त्यांच्या समोर बसून.

पावसाची नक्षत्रंही अशीच. वाहन बेडूक की म्हैस यावरून पाऊस सांगणं टिकत नाही. तरीही मुलाखती घेताना नक्षत्रं सोडू नका. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो आणि त्या तारखा दरवर्षी जवळपास त्याच येतात: मृग ७-८ जूनला, पुढे आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. एखादी आजी सांगते, 'पूर्वी आर्द्रात ओढा वाहायला लागायचा, आता पुष्य उजाडतं.' हे वाक्य तारखांत मांडता येतं आणि हवामान विभागाच्या पुण्यातल्या राष्ट्रीय माहिती केंद्रातल्या जुन्या पर्जन्यनोंदींशी ताडून पाहता येतं. 'हल्ली पाऊस लहरी झालाय' या वाक्याचं तसं काहीच करता येत नाही. म्हणून आठवण नक्षत्रावर विचारा.

दरडींबाबत मात्र मला फार गंभीरपणे लिहायचं आहे. ३० जुलै २०१४ ला तुमच्याच आंबेगाव तालुक्यात माळीण दरडीखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली, आणि ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे दरडप्रवणतेचे नकाशे पन्नास हजारांत एक या प्रमाणाचे, म्हणजे नकाशावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. एवढीशी वाडी त्यात कशी दिसणार? डोंगर हलण्याआधी काही खुणा देतो: उतारावर भेगा पडतात, स्वच्छ झऱ्याला अचानक गढूळ पाणी येतं, जुना झरा बंद होऊन भलतीकडे नवा फुटतो, झाडं आणि कुंपणाचे खांब कलतात. या खुणा रोज रानात जाणाऱ्यालाच दिसतात. अडचण ही की त्या दिसल्यावर सांगायचं कोणाला आणि सांगितल्यावर हलायचं कुठे, हे ठरलेलं नसतं. तुमच्या ॲपमध्ये एकच गोष्ट उत्तम करायची असेल तर ही करा: प्रत्येक वाडीत एक पर्जन्यमापक, मोजणारी दोन माणसं, भेगेच्या दोन्ही बाजूंना ठोकलेल्या खुंट्यांमधलं रोजचं अंतर, आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की कोणाला फोन जाणार व लोक कोणत्या शाळेत जाणार हे पावसाळ्याआधी ग्रामसभेत ठरलेलं. महसूल मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र त्यासाठी पुरत नाही. सह्याद्रीत दोन खोऱ्यांच्या पावसात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

तंत्रज्ञान यशस्वी होऊनही नुकसान होतं, याचं एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातून सुरू होतं. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने महसीर माशाचं बीज तयार करण्याचं तंत्र बसवलं आणि निळ्या परांच्या महसीराची लाखो पिल्लं देशभरच्या पाण्यात गेली. शास्त्र म्हणून काम मोठंच होतं. पण ती पिल्लं कावेरीतही सोडली गेली, जिथे कुबडाचा महसीर हा तिथलाच, वेगळा मासा होता. पाहुणा वाढला आणि मूळचा घटत गेला. त्या कुबडाच्या माशाचं शास्त्रीय नाव कोणतं याचा गुंता २०१८ मध्ये सुटला, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. नदीकाठच्या मच्छीमारांना आणि गळ टाकणाऱ्यांना दोन मासे वेगळे आहेत हे कधीपासून माहीत होतं. तुमच्या प्रस्तावातही तलावात मत्स्यबीज सोडण्याचं कलम आहे असं तुम्ही लिहिलं आहे. आधी नदीवरच्या कातकरी आणि भोई घरांतून तिथल्या माशांची यादी करून घ्या.

ज्ञान कोणाचं आणि ते लिहून घेतल्यावर कोणाचं, हा प्रश्न प्रकल्पाच्या शेवटी येतो तेव्हा उशीर झालेला असतो. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. रद्द झालं ते लिखित पुराव्यामुळे. म्हणजे नोंद केली तर ज्ञानाचं रक्षण होतं. पण उघड नोंद केली तर कुणीही येऊन ती वापरतं. मी यावर दोन वह्यांचा मार्ग धरते. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे होणाऱ्या लोकजैवविविधता नोंदवहीत जे उघड करायला समाजाची हरकत नाही ते जातं: झाडं, पिकांचे वाण, हंगाम, सण. औषधांच्या पाककृती, दुर्मीळ कंदांच्या जागा, मधाचे कडे, प्राण्यांच्या बिळांची ठिकाणं दुसऱ्या वहीत, आणि ती वही गावातच. ऑनलाइन तर नाहीच. नोंदवह्यांसाठी राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर देशभर घाई झाली, आणि शेजारच्या गावाची यादी जशीच्या तशी उतरवलेल्या वह्या मी स्वतः पाहिल्या आहेत. तुमच्या गावांची नोंदवही असेल तर ती आधी ग्रामसभेत वाचून दाखवा. लोक दुरुस्त्या सुचवायला लागले की खरं काम सुरू झालं.

वनहक्क कायदा २००६ हा याहून मजबूत आधार आहे. सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क, तसंच जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क हा कायदा देतो. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये असा सामूहिक हक्क मिळाला आणि तिथल्या लोकांनी अभ्यासगट करून आपल्या जंगलाचा अभ्यास स्वतः केला. भीमाशंकर पट्ट्यात हिरड्यावर महादेव कोळी समाजाची कितीतरी घरं उन्हाळ्यात चालतात. कुठल्या झाडाचा बाळहिरडा, म्हणजे कोवळं फळ, कधी झोडायचा, किती फांदी राखायची हे त्यांचं शास्त्र आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात ही झाडं मोडली तेव्हा भरपाईसाठी झाडांची मोजदाद कळीची ठरली. जीपीएसने केलेली हिरड्याच्या झाडांची यादी, झाड कोणाच्या वहिवाटीचं आहे यासह, गावाच्या ताब्यात असेल तर तिचा असा उपयोग होतो. हीच यादी आधी व्यापाऱ्याच्या हाती गेली तर काय होईल, ते तुम्ही समजू शकता.

देवरायांबद्दल फार सांगत नाही. डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पुण्यातून सुरू केलेला त्यांचा अभ्यास तुम्हाला माहीत असेलच. एवढंच ध्यानात ठेवा की वीस गुंठ्यांची देवराई सेंटिनेलच्या चित्रात वीस ठोकळ्यांची असते आणि आमराईपासून वेगळी ओळखू येत नाही. तिची हद्द देवाचा पुजारी दाखवेल. आणि आत ड्रोन उडवायचा की नाही हेही तोच सांगेल.

कॅमेरा सापळ्यांविषयी इशारा. केंब्रिजच्या संशोधकांनी कॉर्बेट परिसरातला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात वन्यप्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांमुळे आणि ड्रोनमुळे रानात जाणाऱ्या बायकांवर पाळत आणि दहशत कशी आली हे दाखवलं आहे. बायकांसाठी रान ही मोकळं बोलण्याची, गाण्याचीही जागा असते. कॅमेरा कुठे लावायचा हे त्यांच्या बैठकीत ठरू द्या, जागेवर पाटी लावा, आणि माणसाचं चित्र आलं तर ते पाहणारी पहिली व्यक्ती गावातली असू द्या, तिथल्या तिथे पुसण्याच्या अधिकारासह.

ॲपबद्दल विचारलंत. दक्षिण आफ्रिकेत लुई लीबेनबर्ग यांनी १९९० च्या दशकात माग काढणाऱ्या शिकाऱ्यांसाठी सायबरट्रॅकर तयार केलं. अक्षर न येणाऱ्या मागकाढ्यांना चित्रांवर बोट ठेवून नोंद करता यावी, अशी त्याची रचना होती. आपल्याकडेही चित्रं आणि आवाज हेच चालतं. आवाजाची नोंद मराठीत किंवा बोलीत ठेवा आणि भाषांतराची घाई करू नका. रेंज नसताना चालणारं ॲप हवं, कारण भीमाशंकरच्या खोऱ्यांत रेंज नसते. आणि महिन्यातून एकदा सगळ्या नोंदी कागदावर छापून चावडीत लावा. ज्याने नोंद केली त्याला तिचं पुढे काय झालं हे दिसलं नाही, तर तो दोन महिन्यांत नोंद करणं सोडतो, आणि त्याचं बरोबरच आहे.

आता पैशांचं. नोंदी करणाऱ्यांना मानधन नव्हे, रोजंदारीच्या दराने मजुरी द्या आणि ती वेळेवर द्या. तुमच्या संगणक तज्ज्ञाला फुकट काम करायला तुम्ही सांगत नाही. ड्रोन पहिल्या वर्षी विकत घेऊ नका, लागेल तेव्हा भाड्याने आणा. २०२१ च्या ड्रोन नियमांची नोंदणी आणि भीमाशंकर अभयारण्यासाठी वनविभागाची परवानगी या दोन गोष्टींना वेळ लागतो. शेकरूच्या घरट्यांच्या परिसरात परवानगी मिळाली तरी उडवू नका. वाचलेल्या पैशांतून वाडीवाडीला पर्जन्यमापक घ्या, दोन रोधकता चाचण्या करा आणि गावातल्या दोन-तीन मुलामुलींना नकाशे काढण्याचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर शिकवा. बारावी झालेलं पोर महिन्याभरात स्वतःच्या शिवाराचा नकाशा काढू लागतं.

शेवटी करार. कंपनीशी झालेल्या करारात 'प्रकल्पातून निर्माण होणाऱ्या सर्व माहितीची मालकी निधी देणाऱ्याकडे राहील' असं वाक्य आहे का ते आजच पाहा. बहुतेक छापील मसुद्यांत ते असतं. ते बदलून घ्या: स्थानिक ज्ञानाची मालकी ग्रामसभेची, वापरायला दर वेळी ग्रामसभेचा लेखी ठराव, आणि ठराव मागे घेण्याचा हक्कही तिचाच. कंपनी तयार झाली नाही तर मुलाखतींचा भाग प्रकल्पातून काढून टाका आणि तीन वर्षं फक्त झरे, वणवा आणि दरडी यांवर घालवा.